दहावीनंतर सायन्स: आधी विषय, मग परीक्षा

नातेवाइकांना 'सायन्सला जाणार' एवढं उत्तर पुरतं. अकरावीच्या अर्जाला ते पुरत नाही. मॅथ्स की बायोलॉजी, दुसरी भाषा की आयटी, बायफोकल हवंय का, असे प्रश्न तिथे समोर येतात आणि बहुतेक घरांत त्यांची उत्तरं शेजारच्या दादाने काय घेतलं होतं यावरून ठरतात. दोन वर्षांनी नीट, जेईई, सीईटीचे फॉर्म भरायला बसल्यावर कळतं की बऱ्याच गोष्टींचा निकाल त्या अकरावीच्या अर्जातच लागला होता. हा लेख राज्य मंडळातून दहावी होणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. सीबीएसईच्या मुलांनी विषयरचनेचा भाग सोडावा, परीक्षांचा वाचावा.

पायरी १: सहा जागा भरायच्या आहेत

बारावी सायन्स म्हणजे ६०० गुण, प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय. पहिली जागा इंग्रजीची, ती सक्तीची. फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळपास सगळेच घेतात, म्हणजे तीन जागा गेल्या. चौथी दुसऱ्या भाषेची (मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे) किंवा तिच्या बदल्यात आयटीची. उरलेल्या दोन जागांवर खरा खेळ असतो: मॅथ्स, बायोलॉजी किंवा कॉलेजात असतील तर भूगोल, मानसशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे विषय.

दोन्ही जागांवर मॅथ्स आणि बायोलॉजी घेतले की झाला पीसीएमबी. एकच घेऊन दुसऱ्या जागी भूगोल किंवा मानसशास्त्र घेतलं की पीसीएम किंवा पीसीबी. गुणांची विभागणी आधीच माहीत असू द्या: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०, मॅथ्सला ८० आणि २०.

बायफोकलबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. हा २०० गुणांचा व्यवसाय विषय आहे, १०० लेखी आणि १०० प्रॅक्टिकल. कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स ही शहरात चालणारी नावं. गावाकडच्या काही कॉलेजांत पीकशास्त्र, मत्स्यव्यवसाय असेही विषय आहेत. २०० गुणांचा म्हणजे तो दोन जागा खातो: दुसरी भाषा जाते आणि एक ऐच्छिक विषयही जातो. म्हणून बायफोकल घेऊन मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेवता येत नाहीत. ज्यांचं इंजिनिअरिंग पक्कं आहे त्यांच्यासाठी कॉम्प्युटर सायन्स चांगलं आहे: विषय उपयोगाचा, गुणही बरे पडतात. पण 'टक्के वाढतात' एवढ्याच कारणासाठी बायोलॉजी सोडणार असाल तर पुढची पायरी वाचून मग ठरवा.

पायरी २: कोणतं दार बंद होतंय ते बघा

'तुला काय व्हायचंय?' हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला विचारून फारसं काही हाती लागत नाही. उलटा प्रश्न जास्त कामाचा: हा विषय सोडला तर नंतर कुठे जाता येणार नाही?

मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग जातं, आर्किटेक्चर जातं, मर्चंट नेव्ही जाते. एनडीएतून आर्मीला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण एअर फोर्स आणि नेव्हीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतात. शिवाय लेखी परीक्षेत ३०० गुणांचा पेपर मॅथ्सचाच आहे, मग शाखा कोणतीही असो. मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्समधलं बी.एस्सी.ही गेलं.

बायोलॉजी सोडली तर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग आणि व्हेटर्नरी हे सगळं जातं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी देऊन नीटला बसण्याची वाट मोकळी केली, हे खरं. पण तो आडमार्ग आहे. अकरावीतच त्याच्या भरवशावर बसू नये.

फार्मसी आणि बी.एस्सी. ॲग्री या दोन्ही गटांना उघड्या असतात, म्हणजे मॅथ्सवाले आणि बायोलॉजीवाले दोघेही जाऊ शकतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतली आणि त्यांच्याशी संलग्न कॉलेजं इथे येतात. शेतीच्या घरातल्या मुलांनाही ही वाट कितीदा शेवटच्या आठवड्यात कळते, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

माझं मत विचाराल तर: मन पक्कं नसेल आणि दहावीच्या गणिताची भीती वाटत नसेल, तर पीसीएमबी घ्या. अभ्यास जास्त होतो, यात शंका नाही. पण एक विषय नंतर बाजूला टाकता येतो, न घेतलेला विषय नंतर मिळवणं अवघड. दहावीला भूमितीने घाम फोडला असेल आणि मेडिकलकडेच ओढा असेल, तर पीसीबी घेण्यात काहीही कमीपणा नाही. 'मॅथ्स ठेव, कशालाही उपयोगी पडेल' हा काकांचा सल्ला तेव्हा नम्रपणे ऐकून सोडून द्यावा.

सायन्सच नको असेल पण यंत्रांत रस असेल, तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर मिळतो, तीन वर्षांचा आहे आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जेईई नाही, सीईटी नाही. याला 'कमी मार्कांची वाट' समजणाऱ्यांनी एखाद्या सरकारी पॉलिटेक्निकची कॉम्प्युटर शाखेची कटऑफ एकदा बघावी.

पायरी ३: अकरावीचा ऑनलाइन अर्ज

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश पूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात तुमची माहिती आणि आरक्षण, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त १०.

पसंतीक्रम भरताना नियम एकच: पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे मिळालं तर खरंच जाल. पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसरी ते दहावी पसंती मिळाली तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं.

कॉलेजच्या नावाशेजारी अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित ते लिहिलेलं असतं. फी यावर ठरते, आणि एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. प्रत्येकीचा कोड वेगळा असतो, तो नीट बघा. आयटी आणि बायफोकल यांची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी घेतात. चौकशी करताना ती आकड्यात विचारा.

आणखी एक विचारा: प्रॅक्टिकल प्रत्यक्षात होतात का? क्लासशी जोडलेल्या 'इंटिग्रेटेड' कॉलेजांत कधी कधी प्रयोगशाळेचं कुलूप फक्त परीक्षेच्या आधी उघडतं. ३० गुण मिळून जातील, पण टायट्रेशनमध्ये रंग नेमका कोणत्या थेंबाला बदलतो हे न पाहता केमिस्ट्री शिकणं म्हणजे पाण्याबाहेर पोहायला शिकणं.

पायरी ४: परीक्षा ओळखून घ्या

सगळ्यांचा अभ्यासक्रम साधारण एकच, पण घोड्यांच्या जाती वेगळ्या. ही आकडेमोड एकदा कागदावर करून बघा, तयारीची दिशा आपोआप कळते.

एमएचटी-सीईटी ही राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी यांसाठी. २०० गुण, संगणकावर. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न मिळून ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यानंतर मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. बायोलॉजी गटाला त्या जागी १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुणाचे. प्रश्न बोर्डाच्या पुस्तकांवर, सुमारे २० टक्के अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तुमच्या बरोबरीचे किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे ९० टक्के परीक्षार्थी आहेत एवढंच. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, मॅथ्स मात्र इंग्रजीतच. मुंबईचं व्हीजेटीआय आणि पुण्याचं सीओईपी यांच्या बहुतांश जागाही याच परीक्षेतून भरतात, हे मुलांना उशिरा कळतं. त्यांना वाटतं, चांगलं कॉलेज म्हणजे जेईईच.

जेईई मेन वर्षातून दोनदा होते, जानेवारी आणि एप्रिलमध्ये. ७५ प्रश्न, ३०० गुण, तीन तास. प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद मिळतात, म्हणजे सीईटीच्या फिजिक्सच्या अडीचपटीहून जास्त वेळ, आणि प्रश्नही त्याच मानाने खोल असतात. बरोबरला ४, चुकीला वजा १. मराठीतून देता येते. तिच्यातून सुमारे अडीच लाख मुलं जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात, आयआयटीचं दार तिथे आहे. ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते आणि लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. बोर्डाकडे पाठ फिरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: आयआयटी आणि एनआयटीला बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं.

नीट वर्षातून एकदा, साधारण मेच्या पहिल्या रविवारी. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. ओएमआर शीटवर पेनने. त्यातले ९० प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे अर्धी परीक्षा. प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकाच्या वाक्यावाक्यांतून येतात, म्हणून राज्य मंडळाच्या मुलाने बायोलॉजीसाठी तरी एनसीईआरटी अकरावीपासूनच हातात धरावं. बरोबरला ४, चुकीला वजा १. चारही पर्याय अगदीच अनोळखी असतील तर ठोकताळ्याने सरासरी पाव गुण पदरी पडतो, पण एकच पर्याय निश्चित खोडता आला तरी तो सुमारे दोन-तृतीयांश गुणावर जातो. तेव्हा खोडता आला तर प्रयत्न करा, नाहीतर पुढे चला. मराठी माध्यम निवडलं तर पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. परीक्षेच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण लागतं.

मेडिकलवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात आहेत. त्यासाठी सर्वसाधारणपणे डोमिसाईल लागतं आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागतात. थोडे अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू आहेत असं गृहीत धरू नका. म्हणून मुलाला क्लाससाठी कोटा शहरात पाठवून बारावीही तिकडूनच, राजस्थानातून करायची, या बेतात ८५ टक्क्यांवर पाणी सोडलं जाऊ शकतं. लातूरला पाठवलंत तर तो प्रश्न येत नाही. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांसाठी सीमाभागाची वेगळी तरतूद आहे. त्याचा दाखला आधीच काढावा लागतो.

संशोधनाकडे ओढा असेल तर आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आयएटी परीक्षा द्या. देशात सात आयसर आहेत, त्यातलं एक पुण्यात पाषाणला. ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी प्रत्येकी १५. इथे पीसीएमबीवाल्यांचं आपोआप फावतं. नेस्ट ही दुसरी परीक्षा भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईत कलिन्याला असलेल्या सीईबीएससाठी. नववी-दहावीतल्या मुलांना आतापासून चव घ्यायची असेल तर होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा (सहावी आणि नववीसाठी) आणि ऑलिंपियाडची ज्युनिअर सायन्स परीक्षा हे दोन चांगले मार्ग. ऑलिंपियाडच्या पुढच्या फेऱ्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होतात. बक्षीस नाही मिळालं तरी न पाठ करता विचार करण्याची सवय लागते.

एनडीएचा विचार असलेल्या मुलांनी दहावीतच छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेची माहिती काढावी. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला आहे. बारावीनंतर विचारायला येतात तोवर ती गाडी सुटलेली असते.

पायरी ५: अकरावीचे पहिले तीन महिने

'दहावीला खूप केलंस, अकरावी जरा आराम कर.' घरोघरी प्रेमाने दिला जाणारा हा सल्ला महागात पडतो. अकरावीचे गुण बारावीच्या गुणपत्रिकेत येत नाहीत हे खरं, पण जेईई आणि नीटचा जवळपास निम्मा भाग अकरावीचा आहे.

अडखळण्याची जागाही ठरलेली आहे. राज्य मंडळाच्या अकरावी फिजिक्सचं दुसरं प्रकरण व्हेक्टर आणि कॅल्क्युलस वापरायला सांगतं. मॅथ्सच्या पुस्तकात डिफरन्सिएशन मात्र दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं, म्हणजे वर्ष संपताना. जुलैत फिजिक्सचे सर फळ्यावर डिफरन्सिएशन करतात आणि अर्ध्या वर्गाला वाटतं, आपणच मठ्ठ.

मठ्ठ कोणी नसतं. असं करून बघा. दगड वरून सोडला, टी सेकंदांत तो अंदाजे ५ गुणिले टीचा वर्ग एवढे मीटर पडतो. बरोबर दुसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? २ सेकंदांत २० मीटर, २.१ सेकंदांत २२.०५ मीटर, म्हणजे ०.१ सेकंदात २.०५ मीटर, सरासरी २०.५ मीटर प्रतिसेकंद. आता फरक कमी करा: २.०१ सेकंदांत २०.२००५ मीटर, म्हणजे सरासरी २०.०५. अजून कमी केला की २०.००५. आकडा २० कडे सरकतोय. डेरिव्हेटिव्ह म्हणजे हे २०. एवढं हाताने केलं की पुढचे नियम पाठ करायला हरकत नाही.

केमिस्ट्रीत तीच जागा मोलची. पहिल्याच प्रकरणात मोल कच्चा राहिला तर बारावीच्या सोल्युशन्सपर्यंत तो पाय ओढत राहतो.

पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांनी जूनमध्येच एक वही करावी: डावीकडे त्वरण, संवेग, अपवर्तन, संयुजा; उजवीकडे ॲक्सिलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन, व्हॅलन्सी. दिवाळीपर्यंत ती वही उघडायची गरज उरत नाही. सेमीच्या मुलांना हे अडत नाही, पण त्यांनाही लांब उत्तर इंग्रजीत लिहायची सवय नसते; रोज एक व्याख्या न बघता लिहावी.

पायरी ६: कागदपत्रं, बारावीच्या निकालाची वाट न बघता

नाव आधी तपासा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि परीक्षेचा फॉर्म यांत नावाचं स्पेलिंग एकसारखं हवं. 'शिवानी'चा एका ठिकाणी एक 'आय' आणि दुसऱ्या ठिकाणी दोन 'ई' असतील तर दुरुस्ती अकरावीतच करून घ्या.

आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावी सायन्सच्या मुलांचा प्रस्ताव कॉलेजच्या शिफारशीने जिल्ह्याच्या समितीकडे जातो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेचा जुना दाखला शोधण्यात बराच काळ जातो, तेव्हा हे काम अकरावीच्या उन्हाळ्यात, गावी गेल्यावर. जूनमध्ये समितीच्या कार्यालयाबाहेर जी रांग लागते तिच्यात उभं राहू नका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तारीख बघून काढा.

मुलींच्या पालकांनी फीबद्दल हे लक्षात ठेवावं: २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या पातळीवर, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही.

बारावीचं वर्ष सुरू झालं की भिंतीवर कॅलेंडर लावा. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र, त्याच सुमारास बोर्डाची प्रॅक्टिकल. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी. एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेमध्ये नीट. जेईईचं हॉल तिकीट आलं की प्रॅक्टिकलची तारीख त्याच दिवशी ताडून बघा, आणि दोन्ही एकाच दिवशी येत असतील तर लगेच कॉलेजला लेखी कळवा. प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते, जेईईची शिफ्ट बदलून मिळत नाही.